लाईट गेल्यावर कॅरॅव्हॅनमधलं सामान घरात कसं वापरायचं, आणि काय अजिबात करायचं नाही

२८ एप्रिल २०२५ ला दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन आणि पोर्तुगालमध्ये जवळपास सगळीकडची लाईट एकदम गेली. ट्रेन मध्येच थांबल्या, सिग्नल बंद, कार्डाने पैसे देता येईनात, थोड्या वेळाने मोबाईलची रेंजही जायला लागली, आणि पुष्कळ ठिकाणी वीज परत यायला रात्र झाली, काही ठिकाणी दुसरी सकाळ. असं काही झालं की एक प्रश्न हमखास विचारला जातो. दारात कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर, नाहीतर कॅम्परव्हॅन, म्हणजे आत तसंच घर केलेली व्हॅन, उभी आहे, तिच्यात बॅटरी आहे, सोलर आहे, गॅसची शेगडी, फ्रिज, पाण्याची टाकी सगळं आहे, तर लाईट गेल्यावर हे घराला वापरता येतं का?

येतं, आणि चांगलं येतं. फक्त लोक सुरुवातच चुकीच्या टोकाकडून करतात. आधी मोठा इन्व्हर्टर आणतात आणि मग त्याच्यावर घर चालवायला बघतात, आणि तासाभरात बॅटरी बसली की म्हणतात कॅरॅव्हॅनच्या बॅटरीत काही दम नसतो. कॅरॅव्हॅनमध्ये राहणारी माणसं याच बॅटरीवर दोन-दोन दिवस आरामात काढतात, कारण ती प्रत्येक काम विजेवर करायला जातच नाहीत. उष्णता लागली तर गॅस, उजेड आणि फोन बॅटरीवर, गारवा टिकवायचा तर दार बंद. लाईट गेलेल्या घरात नेमकं हेच करायचं असतं, आणि ते का, हे समजलं की बाकीचे निर्णय आपोआप सोपे होतात.

आधी चार शब्द, एकदाच

व्होल्ट, ॲम्पिअर, वॅट, वॅट-अवर. कॅरॅव्हॅनच्या पाण्याच्या टाकीचा विचार करा. पाण्याला जो दाब असतो तो व्होल्ट, नळातून सेकंदाला जेवढं पाणी येतं ते ॲम्पिअर, दाब आणि धार दोन्ही मिळून जो जोर होतो तो वॅट, आणि टाकीत एकूण किती पाणी आहे ते वॅट-अवर. हिशोब पण सोपाच आहे, व्होल्ट गुणिले ॲम्पिअर म्हणजे वॅट, आणि वॅट गुणिले तास म्हणजे वॅट-अवर. हजार वॅट-अवर झाले की वीजबिलावरचं एक युनिट.

आता कॅरॅव्हॅनची नेहमीची बॅटरी घ्या, १२ व्होल्ट, १०० ॲम्पिअर-अवर (ॲम्पिअर गुणिले तास). गुणाकार केला की १२०० वॅट-अवर, म्हणजे सव्वा युनिटसुद्धा नाही. आणि ती लेड-ॲसिडची असेल, म्हणजे शिसं आणि ॲसिडवाली जुन्या पद्धतीची, तर त्यातलंही निम्मंच वापरायचं, कारण निम्म्याच्या खाली वारंवार नेली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. हातात राहिले ६०० वॅट-अवर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे तोच लागणार आहे.

लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी, जिला सगळे नुसतं लिथियम म्हणतात, तिचं वेगळं. तेवढ्याच १०० ॲम्पिअर-अवरमध्ये १२८० वॅट-अवर असतात आणि त्यातले ऐंशी-नव्वद टक्के बिनधास्त वापरता येतात, वजनही निम्म्याहून कमी, आणि चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्या दोन हजारांच्या वर सहज निघतात. महाग असते हे खरं. आणि एक अडचण, शून्य अंशाच्या खाली ती चार्ज करायची नाही, आतून कायमची खराब होते, चांगल्या बॅटरीतलं सर्किट स्वतःच चार्जिंग थांबवतं पण स्वस्तातल्या बॅटरीत ते असेलच असं नाही.

आणि हो, गाडी स्टार्ट करायची बॅटरी या कामाला लावू नका. तिच्यातल्या प्लेटा पातळ आणि जास्त असतात, दोन सेकंद प्रचंड करंट द्यायला बनवलेल्या, रात्रभर हळूहळू रिकामं व्हायला नाही. कॅरॅव्हॅनमधली डीप सायकल बॅटरी जाड प्लेटांची असते, म्हणून ती हे सोसते.

६०० वॅट-अवरमध्ये काय काय होतं

आता यादी करू. पाच-पाच वॅटचे तीन एलईडी दिवे पाच तास लावले तर ७५ वॅट-अवर. वायफायचा राऊटर साधारण १० वॅट घेतो, बारा तास चालला तर १२०. दोन फोन पूर्ण चार्ज केले तर वाया जाणारं धरून ४०. १२ व्होल्टचा कॅरॅव्हॅनमधला छोटा पंखा १५ वॅटचा, आठ तास चालवला तर १२०. एकूण झाले ३५५. वर लॅपटॉप तीन तास चालवला तर अजून दीडशे, म्हणजे ५०५. अख्खी संध्याकाळ आणि रात्र निघाली, जवळपास शंभर वॅट-अवर उरले, आणि ही सगळ्यात साध्या बॅटरीची गोष्ट आहे.

आता त्याच बॅटरीवर २००० वॅटची इलेक्ट्रिक किटली लावून बघा. २००० भागिले १२ म्हणजे १६७ ॲम्पिअर, इन्व्हर्टरमधलं नुकसान धरलं तर १८५ च्या आसपास. लेड-ॲसिड बॅटरीवर १०० ॲम्पिअर-अवर जे लिहिलेलं असतं ते सहसा वीस तासांत हळूहळू, म्हणजे ५ ॲम्पिअरने काढलं तरच मिळतं, एकदम ओढलं तर ती बरीच कमी देते. व्होल्टेज धाडकन पडतं, इन्व्हर्टर बीप करून बंद होतो, आणि पाणी कोमटच राहतं. बॅटरी बिघडलेली नसते, फक्त हे तिचं काम नव्हे.

उष्णता गॅसवर, हा सगळ्यात मोठा फरक

मला वाटतं सगळ्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. एक किलो एलपीजीमध्ये साडेबारा युनिटच्या वर ऊर्जा असते. आपल्या बॅटरीत वापरण्याजोगं ०.६ युनिट. म्हणजे एक किलो गॅस आणि वीस बॅटऱ्या बरोबरीला, आणि एकेक बॅटरी पंचवीस-तीस किलोची. शेगडीवर निम्मी उष्णता इकडेतिकडे गेली असं धरलं तरी दहा बॅटऱ्या झाल्या. म्हणून पाणी तापवणं, स्वयंपाक, हे सगळं कॅरॅव्हॅनमध्ये गॅसवर असतं, आणि लाईट गेल्यावर घरातही गॅसवरच करायचं. ज्यांच्या घरी फक्त इंडक्शन आहे त्यांनी तर कॅरॅव्हॅनची शेगडी आणि सिलिंडर म्हणजे लाईट गेल्यावरचं स्वयंपाकघर समजावं. सगळ्यात सोपं म्हणजे स्वयंपाक सरळ कॅरॅव्हॅनमध्ये जाऊन करा, तिथे गॅसची फिटिंग आणि हवा खेळायची सोय आधीपासून केलेली असते.

गॅसच्या बाबतीत तीन गोष्टी सांगतो. एक, थंडीच्या जागी ब्युटेनचा सिलिंडर नको, ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास गॅस व्हायचंच थांबवतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतं. दुसरी, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर खाली जमिनीलगत साचतो, म्हणून कॅरॅव्हॅनच्या तळाला भोकं ठेवलेली असतात, ती थंडी येते म्हणून कापडाने बुजवू नका, आणि सिलिंडर तळघरात तर नकोच. तिसरी, रेग्युलेटर आणि शेगडी एकाच दाबाच्या हव्यात, कुठलाही रेग्युलेटर कुठेही बसवून चालत नाही, आणि रबरी नळीवर छापलेली तारीख बघा, बहुतेक जण ती कधीच बघत नाहीत.

शेगडी पेटवून खोली गरम करणं मात्र अजिबात नाही. ते का, ते खाली सांगतो.

इन्व्हर्टर शेवटी, आधी १२ व्होल्ट

इन्व्हर्टर म्हणजे बॅटरीची १२ व्होल्टची वीज घेऊन ती घरातल्या सॉकेटसारखी २३० व्होल्टची करून देणारी पेटी. सोयीची आहे, पण फुकटात काम करत नाही. दहा-पंधरा टक्के वीज ती स्वतः खाते, आणि काहीच लावलेलं नसताना नुसती चालू ठेवली तरी दहा-वीस वॅट, मोठी असेल तर त्याहून जास्त, जातच राहतात. पंधरा वॅट गुणिले चोवीस तास म्हणजे ३६०, आपल्या सहाशेतले अर्ध्याहून जास्त, एकही दिवा न लावता गेले. त्यात गंमत बघा, लॅपटॉप, फोन, राऊटर हे सगळं आतून कमी व्होल्टच्या डीसीवर, म्हणजे बॅटरीसारख्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवरच चालतं, म्हणजे १२ चे २३० करायचे आणि मग ॲडॉप्टरने त्याचे परत १२ किंवा २० करायचे, आणि दोन्हीकडे नुकसान.

त्यापेक्षा कॅरॅव्हॅनचे १२ व्होल्टचे दिवे, पंखे, यूएसबीचे सॉकेट, लॅपटॉपचा कारमधला चार्जर हे सरळ वापरा. राऊटरच्या ॲडॉप्टरवर काय लिहिलंय ते बघा, बऱ्याच राऊटरना १२ व्होल्ट डीसीच लागतं. फक्त बॅटरीचं व्होल्टेज स्थिर नसतं, चार्ज होताना साडेचौदापर्यंत जातं आणि रिकामी होताना साडेअकराला येतं, म्हणून मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा छोटा कन्व्हर्टर लावलेला बरा, आणि प्लगची अधिक-उणे बाजू आधी तपासा.

इन्व्हर्टर लागलाच तर प्युअर साइन वेव्हवाला घ्या. स्वस्तातला मॉडिफाईड साइन वेव्हचा इन्व्हर्टर विजेची लाट पायऱ्या-पायऱ्यांची बनवतो, त्यावर साधा चार्जर चालून जातो पण मोटर असलेली वस्तू गुणगुणते, तापते, आणि काही नाजूक उपकरणं बिघडतात. किती मोठा घ्यायचा, तर जी एक-दोन वस्तू खरंच चालवायच्या आहेत त्यांच्या मापाचा. मोटर किंवा कॉम्प्रेसर असेल तर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट क्षणभर ओढला जातो, ते धरून.

आणि वायर. १००० वॅट १२ व्होल्टवर म्हणजे नव्वद-शंभर ॲम्पिअर, त्याला २५ चौरस मिलिमीटर किंवा त्याहून जाड आणि शक्य तेवढी आखूड केबल लागते, आणि बॅटरीच्या अधिक टोकाला अगदी जवळ फ्यूज. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून लोक हलक्यात घेतात, पण पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला तर शेकडो ॲम्पिअर वाहतात आणि पाना लाल होतो. १२ व्होल्टमधला धोका शॉकचा नसून आगीचा आहे.

फ्रिजचं काय?

हा सगळ्यांचा लाडका प्रश्न. घरातला फ्रिज दिवसाला साधारण पाऊण ते दीड युनिट घेतो. आपली लेड-ॲसिड बॅटरी तो जेमतेम अर्धा दिवस ओढेल, आणि त्या वेळात बाकी काहीच चालणार नाही. लिथियमची एक बॅटरी कसाबसा एक दिवस. पण आधी हे विचारा की त्याला चालवायची गरज आहे का? दार उघडलं नाही तर फ्रिजमधलं खाणं साधारण चार तास सुरक्षित राहतं, आणि फ्रीझर गच्च भरलेला असेल तर ४८ तास, अर्धा भरलेला असेल तर २४. बहुतेक वेळा लाईट तेवढ्यात येते. दार उघडून आत बघायचं, बंद करायचं, परत पाच मिनिटांनी बघायचं, यानेच जास्त नुकसान होतं.

वादळाचा इशारा आला असेल तर फ्रीझरच्या रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या ठेवून बर्फ करून घ्या, बाटली काठोकाठ भरायची नाही, बर्फ फुगतो. एक किलो बर्फ वितळताना जवळपास ९३ वॅट-अवर उष्णता शोषून घेतो. तेवढीच उष्णता काढायला कॉम्प्रेसरला वीज यापेक्षा कमी लागते हे मान्य, तरी सहा-सात बाटल्या म्हणजे फुकटात मिळालेला मोठा साठा आहे, जो ना चार्ज करायला लागतो ना बिघडतो. त्यातल्या दोन फ्रिजमध्ये हलवल्या की तिथलेही तास वाढतात.

कॅरॅव्हॅनमधल्या फ्रिजचे दोन प्रकार असतात आणि इथे बराच घोळ होतो. एक कॉम्प्रेसरचा, घरातल्यासारखाच पण लहान आणि थेट १२ व्होल्टवर चालणारा, चालू असताना ४०-५० वॅट आणि दिवसाला साधारण ३०० ते ६०० वॅट-अवर. हा बॅटरीवर शोभतो. दुसरा थ्री-वे, म्हणजे गॅस, १२ व्होल्ट आणि २३० व्होल्ट तिन्हीवर चालणारा. त्यात कॉम्प्रेसर नसतो, अमोनिया आणि पाण्याच्या मिश्रणाला उष्णता देऊन तो गारवा तयार करतो. १२ व्होल्टवर तो शंभर वॅटच्या वर सतत खातो, ती सोय फक्त गाडी चालू असतानाची आहे, उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये त्याने बॅटरी एका रात्रीत संपते. गॅसवर मात्र तो फार कमी गॅसमध्ये दिवसेंदिवस चालतो, आवाजसुद्धा नाही. कॅरॅव्हॅन सपाट उभी पाहिजे, आणि गार व्हायला त्याला कित्येक तास लागतात, त्यामुळे लाईट जायची वाट न बघता इशारा आल्या आल्या सुरू करा आणि औषधं, दूध वगैरे तिकडे हलवा. तो काढून घरात आणून गॅसवर लावायचा विचारही नको, त्याचा धूर भिंतीतल्या जाळीतून बाहेर जावा अशी रचना असते.

औषधावर किंवा मशीनवर कोणी असेल तर

घरात कोणी झोपताना श्वासाचं सीपॅप मशीन वापरत असेल तर ते ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा भाग) बंद ठेवून साधारण ३० ते ६० वॅट घेतं, म्हणजे आपल्या बॅटरीवर एक रात्र निघते, आणि बऱ्याच मशीनना १२ व्होल्टचा स्वतंत्र अडॅप्टर मिळतो, तो आधीच घेऊन ठेवा. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचं, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या मशीनचं तसं नाही, मोठं मशीन ३०० वॅटच्या वर घेतं, सहाशे वॅट-अवरमध्ये दोन तासही नाही. ज्यांचा जीव मशीनवर आहे त्यांच्यासाठी कॅरॅव्हॅनच्या बॅटरीवर विसंबू नका, भरलेला ऑक्सिजन सिलिंडर आणि कुठे हलवायचं हे डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवा. कुठे बचत करायची आणि कुठे नाही, यात ही जागा बचतीची नाही.

पाणी

पंप विजेवर असेल तर लाईटबरोबर नळही जातो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात नंतर येतं. कॅरॅव्हॅनची टाकी किंवा लोटत न्यायचा पाण्याचा ड्रम इशारा आला की भरून ठेवा, तिचा १२ व्होल्टचा पंप फार थोडी वीज घेतो आणि तीही मिनिटभरच. टाकी बरेच दिवस नुसती पडून असेल तर ते पाणी प्यायला नको, धुवायला आणि संडासात वापरा. कॅसेट टॉयलेट, म्हणजे खालची टाकी काढून रिकामी करायचा संडास असेल तर ते फ्लशच्या पाण्याचा प्रश्नच मिटवतं.

पण छतावर सोलर आहे, मग लाईट का जाते?

कारण घराच्या छतावरचे बहुतेक सोलर हे ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला जोडलेले असतात आणि ग्रिड गेला की त्यांचा इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो. नाहीतर तुमच्या छतावरची वीज उलटी लाईनमध्ये जाईल आणि खांबावर काम करणाऱ्या माणसाला लागेल. वेगळी बॅटरी आणि ग्रिडपासून तोडणारा स्विच असेल तरच तो चालू राहतो.

कॅरॅव्हॅनचं सोलर ग्रिडला जोडलेलंच नसतं, म्हणून ते चालतं. पण अपेक्षा बेताची ठेवा. १०० वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात, उन्हाकडे नीट तोंड करून, दिवसाला ३०० ते ४०० वॅट-अवर देतं. छतावर आडवं, ढगाळ दिवस, झाडाची सावली, असं असेल तर शंभरही नाही, आणि पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी एकूण उत्पादन बरंच पडतं. पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये असतो तो चार्ज कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचा, म्हणजे पॅनेलच्या सगळ्यात जास्त वीज देणाऱ्या व्होल्टेजला जुळवून घेणारा असेल तर पॅनेलमधून जास्त निघतं, पण नसलेलं ऊन तो आणू शकत नाही.

पॅनेल घडीचं, बाहेर मांडता येईल असं असेल तर दिवसातून दोन-तीनदा त्याचं तोंड फिरवणं हे सगळ्यात स्वस्त अपग्रेड आहे.

मग कॅरॅव्हॅनची वायर सरळ घराच्या सॉकेटमध्ये घातली तर?

नाही. कधीच नाही. दोन्ही टोकांना पिनांचे प्लग असलेली केबल बनवून इन्व्हर्टर किंवा जनरेटरची वीज भिंतीतल्या सॉकेटमधून घरात सोडायची, असा जुगाड सांगणारे लोक आहेत. त्याचं पहिलं टोक घातलं की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिना जिवंत असतात. त्याहून वाईट म्हणजे मेन स्विच बंद करायचा राहिला तर ही वीज बाहेर जाते, रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर उलट दिशेने पण काम करतो, तुमचे २३० व्होल्ट तिथे हजारो व्होल्ट होतात, आणि लाईन मेलेली आहे असं समजून तिला हात लावणाऱ्या लाइनमनचा जीव जातो. आपली लाईट आणायला रात्री खांबावर चढलेल्या माणसाबरोबर हे व्हायला नको.

घराच्या वायरिंगला बाहेरची वीज द्यायचीच असेल तर चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, जो एका वेळी एकच पुरवठा जोडतो, आणि तो परवानाधारक वायरमनकडूनच. कॅरॅव्हॅनच्या बाजूला जो निळा गोल प्लग असतो तो वीज आत घ्यायचा आहे, बाहेर द्यायचा नाही. आणि कॅरॅव्हॅनमधले २३० व्होल्टचे सॉकेट बाहेरून वीज जोडलेली असतानाच चालतात, आत इन्व्हर्टर जोडलेला नसेल तर बॅटरी भरलेली असूनही ते मेलेलेच असतात, ती बिघाडाची खूण नाही.

कार्बन मोनॉक्साईड

जे काही जळतं, गॅस, पेट्रोल, कोळसा, लाकूड, ते हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साईड सोडतं. रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, ताप नसतो, माणसाला वाटतं दमलो असेन, पडतो जरा, आणि मग उठत नाही. लाईट गेलेल्या रात्रीच हे जास्त होतं, कारण तेव्हाच माणसं दारं-खिडक्या बंद करून आत काहीतरी पेटवतात.

म्हणून शेगडी फक्त स्वयंपाकापुरती आणि खिडकी उघडी ठेवून. कोळशाची शेगडी घरात किंवा कॅरॅव्हॅनमध्ये, विझत आलेली असली तरी, नाही. जनरेटर घराबाहेर, दार-खिडकीपासून निदान ६ मीटर लांब, आणि धुराचं तोंड घराकडे नको, गॅरेजचं शटर उघडं ठेवलं म्हणून गॅरेज म्हणजे बाहेर होत नाही. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साईड अलार्म झोपायच्या खोलीत लावा. त्याचं युरोपियन मानक ईएन ५०२९१ आहे, दुसरा भाग कॅरॅव्हॅन आणि बोटींसाठी, खोक्यावर बघून घ्या. अलार्म वाजला तर आधी सगळ्यांना घेऊन बाहेर मोकळ्या हवेत, कारण शोधत बसणं नंतर.

गाडीचं इंजिन चालू ठेवून चार्ज केलं तर?

बाहेर मोकळ्यावर, अडीनडीला, थोडा वेळ चालेल. उभ्या जागी इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर इंधन सहज खातं आणि त्या बदल्यात साध्या वायरिंगमधून कॅरॅव्हॅनच्या बॅटरीला फार थोडं पोचतं. लिथियम बॅटरी असेल तर मध्ये करंटवर मर्यादा ठेवणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवाच, नाहीतर ती अल्टरनेटरमधून, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या गाडीच्या जनरेटरमधून इतकं ओढते की तो तापून जळू शकतो. बंद गॅरेजमध्ये का नाही, ते वर आलंच आहे.

माझ्याकडे कॅरॅव्हॅनच नाही

तरी हिशोब हाच. बाजारात पोर्टेबल पॉवर स्टेशन म्हणून जी पेटी मिळते ती म्हणजे कॅरॅव्हॅनची बॅटरी, इन्व्हर्टर, चार्जर आणि सोलरचा कंट्रोलर एका डब्यात. घेताना वॅट आणि वॅट-अवर हे दोन आकडे वेगळे वाचा, जाहिरातीत जो मोठा दिसतो तो बऱ्याचदा नुसता वॅटचा असतो, एका वेळी किती ओढता येईल तो, किती वेळ चालेल ते त्यावरून कळतच नाही. घरात आधीपासून इन्व्हर्टर आणि मोठी बॅटरी असेल तर तिथेही १२ गुणिले ॲम्पिअर-अवर करा आणि लेड-ॲसिड असेल तर निम्मे धरा. छोटं बजेट असेल तर माझा क्रम असा, आधी हेडलॅम्प (डोक्याला लावायचा दिवा) आणि बॅटरीवरचा रेडिओ, मोबाईलचे टॉवर बंद पडले की रेडिओच कामाला येतो, मग गॅसची कॅम्पिंग शेगडी आणि कार्बन मोनॉक्साईड अलार्म, मग बॅटरी, आणि उरलेच पैसे तर इन्व्हर्टर.

लाईट आल्यावर

वीज परत येते तेव्हा सुरुवातीची काही मिनिटं व्होल्टेज वरखाली होतं, परत जातेही. म्हणून लाईट गेल्या गेल्या फ्रिज, टीव्ही, कॉम्प्युटर प्लगमधून काढा, एक दिवा चालू ठेवा म्हणजे आली ते कळेल, आणि आल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबून एकेक करून लावा. फ्रीझरमधल्या खाण्यात अजून बर्फाचे खडे असतील तर ते परत गोठवता येतं, फ्रिजमधलं मांस, दूध, शिजवलेलं बराच वेळ गार राहिलं नसेल तर वास चांगला येतोय म्हणून ठेवू नका.

आणि बॅटरी त्याच दिवशी चार्जिंगला लावा, हवा खेळती असलेल्या जागी, कारण लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. ती रिकामी पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेटचे कडक थर बसतात आणि मग ती पूर्ण भरतच नाही. भरायला वेळ द्या, शेवटचे वीस टक्के ती फार सावकाश घेते, दोन-तीन तासांत झाली असं वाटलं तरी झालेली नसते. चार्जर काढून काही तास तशीच ठेवल्यावर मीटरवर १२.७ च्या आसपास दिसलं तर भरली, १२.२ म्हणजे निम्मी. लिथियमला हा मीटरचा हिशोब लागू पडत नाही, तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सारखंच राहतं, तिला आत-बाहेर गेलेला करंट मोजणारा शंट मीटर लागतो. कॅरॅव्हॅन महिनोन्महिने उभी असेल तर तिचा अलार्म, ट्रॅकर वगैरे हळूहळू बॅटरी पीत असतात, महिन्यातून एकदा मीटर लावून बघा आणि उतरली असेल तर भरून ठेवा.